भैरवनाथ, सभासद क्रमांक तीन

सिन्नर, ३ ऑगस्ट १९९४

दोस्त नौशाद,

मुलगा झाला! म्हणजे कंपनी झाली. आजच्या टपालाने दाखला आला. नाव ठेवलंय नवलाई स्प्रेअर्स प्रायव्हेट लिमिटेड. रूपालीने दाखल्याची पूजा केली आणि सरकारी शिक्क्यावर एवढं कुंकू लावलं की शिक्का कुठला आणि कुंकू कुठलं ते आता देवच जाणे.

तर आता तू तासगावच्या द्राक्षवाल्यांना फवारणीचे पंप विकायचे आणि मी इथे एमआयडीसीतल्या गाळ्यात ते बनवायचे. पन्नास शेअर तुझे, पन्नास माझे. पण तू आणि मी शाळेपासून कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलो नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. पन्नास-पन्नासवर अडलो तर गाडी हलायची कशी? म्हणून आमच्या दादांनी त्यांचा जुना तोडगा काढला. त्यांनी वीटभट्टी काढली, बैलगाडीत भागी केली, प्रत्येक वेळी एक वाटा भैरवनाथाचा ठेवला. तसा आपला एकशे एकावा शेअर भैरवनाथाच्या नावावर केला आहे.

नाशिकचा तो नवा सीए, जीवन, मिसरूड अजून नीट फुटलेली नाही, तो घाबरला. सभासदांच्या रजिस्टरात वडिलांचं नाव लागतं म्हणाला. दादा म्हणाले, "लिही, स्वयंभू." व्यवसाय विचारला तर म्हणाले, "गावाची राखण." पोराने निमूट लिहिलं. देवाच्या नावावर जमीन असते हे त्याला ठाऊक आहे, शेअर असतो का हे पुस्तकात बघून सांगतो म्हणालाय.

तुझी हरकत नसावी. असली तरी कळव, म्हणजे पहिलं भांडण दप्तरी लागेल.

तुझा,
निवृत्ती घुगे


तासगाव, ११ ऑगस्ट १९९४

निवृत्ती,

मुबारक! माजिदाने इथे साखर वाटली. शेजारी विचारतात, मुलगा की मुलगी? मी सांगितलं, लिमिटेड.

भैरवनाथाला माझी काय हरकत असणार? लहानपणी त्याच्या देवळापुढच्या चिंचा मी तुझ्याहून जास्त खाल्ल्या आहेत. पण त्याचं मत कळणार कसं ते लिहायला विसरलास. मी लिहितो, म्हणजे पुढे तुला पलटी मारता येणार नाही. देवळापुढचा तो काळा गोटा. ज्यांचं भांडण त्यांनीच समोरासमोर बसायचं, दोन्ही हातांची बोटं खाली सरकवायची, कौल मागायचा आणि उचलायचा. उठला तर ठराव मंजूर, नाही उठला तर नामंजूर. तिऱ्हाइताने हात लावायचा नाही. झिपरू गुरव साक्षीदार. हाच आपल्या कंपनीचा कायदा, बाकीचा दिल्लीवाल्यांचा.

आणि वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये ठेव. तासगावहून एसटीने हाडं खिळखिळी करत येईन, पण रूपालीवहिनींच्या हातची हुलग्याची शेंगोळी कार्यक्रमपत्रिकेवर हवी. विषय क्रमांक एक.

तुझा अर्धा मालक,
नौशाद तांबोळी


सिन्नर, १९ नोव्हेंबर २००२

नौशाद,

बातमी वाईट आहे. आपण मरणार आहोत. आपण म्हणजे कंपनी.

दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला. प्रायव्हेट कंपनीचं भांडवल निदान एक लाख हवं, नाहीतर तिचं नाव सरकारी यादीतून पुसणार. मुदत दोन वर्षांची होती. जीवनने तेव्हाच पत्र पाठवलं होतं म्हणतो. ते पत्र मी पंपाच्या खोक्यात वॉशर ठेवायला वापरलं असावं, कारण बार्शीच्या एका गिऱ्हाइकाने 'आपल्या कंपनीची काळजी वाटते' असं कळवलं होतं आणि मला ते तेव्हा अजिबात उमगलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मुदत संपते.

उपाय सोपा आहे. शंभर रुपयांच्या प्रत्येक शेअरवर प्रत्येकाने आणखी नऊ शेअर घ्यायचे, की भांडवल दहापट, लाखाच्या वर. तुझं-माझं ठरलं. राहिला सभासद क्रमांक तीन. मी दानपेटीतून नऊशे रुपये मागायला गेलो तर देवळाचे पंच अंगावर धावून आले. पुंजाराम पाटलाने भर सभामंडपात विचारलं, "आठ वरसं देव तुमच्या धंद्यात हाय, त्याला मिळालं काय? दरसाल एक नारळ! त्यातला बी अर्धा तुमीच खाता!" खोटं कसं बोलू? खोबरं आपणच खातो.

काय करायचं ते पटकन कळव. फोन लावलास तर तार खड्ड्यात आहे, दूरसंचारवाले खड्डा बुजवायचा की वायर जोडायची यावर महिनाभर विचार करत आहेत.

निवृत्ती


तासगाव, २४ नोव्हेंबर २००२

निवृत्ती,

साडेचारशेची मनीऑर्डर सोबत पाठवली आहे. देवाचे अर्धे मी भरतो, अर्धे तू भर. पंचांना सांग, देवाचं भांडवल एका हिंदूने आणि एका मुसलमानाने मिळून भरलं, आता खोबऱ्याचा हिशेब मागू नका.

माजिदा विचारत होती, भैरवनाथासाठी पैसे भरले तर गुनाह लागेल का? मी म्हटलं, ही श्रद्धा नाही, ही प्रायव्हेट लिमिटेड आहे. आणि खरं सांगू का, मला तुझा देव आवडतो. आजपर्यंत जेवढ्या वेळा अडलो, तेवढ्या वेळा तो बहुतेक माझ्याच बाजूने पडला. तुझ्या गावचा असून तुझी भीड ठेवत नाही. असा सभासद सोडून चालणार नाही.

नौशाद


सिन्नर, ९ ऑक्टोबर २००६

श्री. नौशाद तांबोळी, संचालक, यांस,

आपणांस कळवण्यात येते की, नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक संचालकाला सरकारी ओळखक्रमांक घ्यावा लागतो आणि कागद आता संगणकावरून भरावे लागतात. त्यासाठी आपला फोटो आणि ओळखीचे पुरावे ताबडतोब पाठवावेत. भैरवनाथ संचालक नसल्यामुळे त्यांना क्रमांक लागत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

तसेच कळवण्यात येते की, २३ सप्टेंबरच्या सभेत झालेल्या ठरावाप्रमाणे पितळी नोझल बंद करून प्लास्टिकचं नोझल सुरू केलं आहे. बारा वर्षं मी पितळेचं नोझल हाताने घासून दिलं. एका शेतकऱ्याने ते नातवाला खेळायला दिलं, नातवाने आपटलं, दगड फुटला, नोझल फुटलं नाही. ते बंद करून आता ही खेळणी विकायची. गोटा उठला म्हणून मी गप्प बसलो. पण देव तुझ्याच ताटात जेवतो हे मला माहीत आहे.

यापुढे फोन करू नये. जे काही असेल ते लेखी कळवावे.

आपला,
नि. कों. घुगे, संचालक


तासगाव, १६ ऑक्टोबर २००६

श्री. घुगे यांस,

फोटो पाठवला आहे. त्यात मी हसतोय, कारण फोटोवाला विनोदी होता. दुसरा अर्थ काढू नये.

प्लास्टिकचं नोझल हलकं आहे, दिवसभर पंप पाठीवर घेणाऱ्या बायांचे खांदे दुखत नाहीत. हे मी सभेत सांगितलं होतं, पण तुम्ही तेव्हा छताकडे बघत होता.

फोन करत नाही.

आपला,
नौ. तांबोळी


सिन्नर, १५ जून २००९

श्री. नौशाद तांबोळी यांस,

केंद्र सरकारने नवा कायदा आणला आहे. त्याचं नाव मर्यादित दायित्व भागीदारी, एलएलपी. जीवन (आता त्याला पोट आलं आहे आणि तो मला 'काका' म्हणतो) सांगतो की कंपनीची एलएलपी करता येते. गेल्या महिन्याच्या अखेरीपासून ती सोय सुरू झाली. फायदे असे की कागद कमी, जबाबदारी तेवढीच मर्यादित, आणि मुख्य म्हणजे वार्षिक सभा घ्यावी लागत नाही. म्हणजे दर सप्टेंबरला आपणांस एसटीने येण्याची आणि मला आपणांस चहा पाजण्याची तोशीस पडणार नाही.

अडचण एकच आहे. कंपनीचे सगळे सभासद नव्या भागीदारीत भागीदार व्हावे लागतात, आणि भागीदार हा एकतर माणूस हवा, नाहीतर कंपनी हवी. भैरवनाथ दोन्हीत बसत नाही. म्हणून आधी त्याचे दहा शेअर त्याने सोडावेत, पाच तुम्ही घ्यावेत, पाच मी. जीवनने पंधरा वर्षांपूर्वी पुस्तकात बघून सांगतो म्हटलं होतं, त्याचं उत्तर आता मिळालं. "काका, देव तेव्हासुद्धा बसत नव्हता. पण कोणी विचारलं नाही."

आपली संमती कळवावी.

नि. कों. घुगे


तासगाव, २३ जून २००९

श्री. घुगे यांस,

संमती नाही. कारणे:

कायदा नवा आहे, त्याचे हातपाय अजून सरळ व्हायचे आहेत. बँकेला एलएलपी म्हणजे काय ते कळणार नाही. नवे शिक्के, नवी खोकी, नवी पावतीपुस्तकं लागतील. आणि भैरवनाथाच्या मताशिवाय त्याचे शेअर घेणं हे मला बरोबर वाटत नाही.

नौ. तांबोळी


सिन्नर, ६ जुलै २००९

श्री. तांबोळी यांस,

देवाचं मत घेतलं. काल रविवारी रीतसर सभा भरवली. हजर सभासद दोन, मी आणि भैरवनाथ. प्रायव्हेट कंपनीला दोन सभासद हजर असले की गणसंख्या पूर्ण होते, जीवनच्या पुस्तकात लिहिलंय. सूचना तुम्हाला टपालाने पाठवली होती, पोहोचली नसेल तर तो टपाल खात्याचा दोष. मी आणि गाळ्यातला बहिरू समोरासमोर बसलो. बहिरू दोन पोती सिमेंट एका हाताने उचलतो. गोटा बेंबीपर्यंत उठला. देव राजी आहे.

सही करून कागद परत पाठवावेत.

नि. कों. घुगे


तासगाव, १३ जुलै २००९

निवृत्ती,

'श्री.' आणि 'यांस' आता पुरे. राग आला की मला शुद्ध भाषा सुचत नाही.

तुझी सभा बेकायदेशीर आहे. दिल्लीच्या कायद्याने बघ. दोन सभासद जातीने हजर हवेत. भैरवनाथ जातीने हजर होता म्हणतोस, तर त्याची सही कुठे आहे? झिपरूने त्याच्या वतीने केली असेल तर तो बदली माणूस, आणि बदली माणूस गणसंख्येत धरत नाहीत. मीपण पुस्तकं वाचतो. आता आपल्या कायद्याने बघ. ज्यांचं भांडण त्यांनीच गोटा उचलायचा. बहिरूचं आणि तुझं काय भांडण आहे? पगार वेळेवर देत नाहीस एवढंच ना?

झिपरूला मी फोन केला होता. त्याच्याकडे मोबाइल आहे, तुझ्यासारखा तो बंद ठेवत नाही. म्हणाला, "मालक तुमच्याबिगर येऊन बसले, म्या म्हटलं हे बरं नाय, पण ऐकतंय कोण? लय चिडलेत. तुमी या, मग बघू."

नौशाद


सिन्नर, २० जुलै २००९

नौशाद,

तुझा डाव मला कळला. पुण्याच्या त्या मोठ्या पंपवाल्याचा माणूस तासगावात तुझ्याकडे दोनदा येऊन गेला, हे मला द्राक्षवाल्यांकडून कळलंय. तुला तुझे शेअर त्याला विकायचे आहेत. एलएलपी झाली तर नवा करार होईल, त्यात मी अशी कलमं घालीन की तुला ते जमणार नाही. म्हणून तू नवे शिक्के आणि बँक असली फालतू कारणं देतोस. पंधरा वर्षं मी त्या गाळ्यात राबलो ते पुण्यावाल्याची पाटी लावायला नाही. सरळ लिही की.

निवृत्ती


तासगाव, २ ऑगस्ट २००९

निवृत्ती,

सरळ लिहितो. पत्र दोनदा फाडलं म्हणून उशीर झाला.

पुण्यावाला आला होता. त्याने भाव चांगला दिला. मी त्याला चहा दिला आणि 'आमच्या कंपनीत तिसरा सभासद आहे, त्याला विचारावं लागेल' म्हणून सांगितलं. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. तो परत आला नाही.

माझी कारणं फालतू होती, ते बरोबर आहे. खरं कारण वेगळं आहे. अम्मी-अब्बा गेले, गावातलं घर विकलं, आता सिन्नरकडे माझं स्वतःचं असं काही उरलं नाही. मी तिकडे येतो तो कायद्यामुळे. कंपनीला वर्षातून एकदा सभा घ्यावीच लागते म्हणून तू सूचना पाठवतोस, आणि सूचना आली म्हणून मी येतो. चव्वेचाळीस जणांच्या एसटीत ऐंशी माणसं असतात, तरी येतो. गेली दोन वर्षं तू मला घरी न नेता गाळ्यातला चहा पाजून परत पाठवलंस. रूपालीवहिनींना मी फाटकातूनही पाहिलं नाही. तरी मी आलो. एलएलपीला सभा नाही. मग तू मला कशाला बोलावशील, आणि मी कुठल्या तोंडाने येऊ? हे मला नको आहे. मला वाईट वाटतं, निवृत्ती. आता लिहिलं.

आणि प्लास्टिकच्या नोझलबद्दल तीन वर्षं भैरवनाथाला शिव्या देतोस, त्याचाही निकाल लावू. तो गोटा किती वजनाचा आहे ते तुला ठाऊक आहे. माझी कंबर कशी आहे तेही ठाऊक आहे. समोरासमोरच्या दोघांपैकी एकाने जरी हात सैल सोडला, तरी तो जमिनीला चिकटून बसतो. त्या दिवशी तो उठला. मी एकट्याने उचलला असं तुला वाटतं का? अरे, तू उचललास. तुलाही कळत होतं की बायांचे खांदे दुखतात. तोंडाने पितळ म्हणत होतास आणि बोटांनी प्लास्टिक म्हणत होतास.

आता सभेची सूचना पाठव. एलएलपीचा विषय घाल. रीतसर उचलू. उठला तर मी सही करीन, शब्द देतो.

नौशाद


सिन्नर, १९ ऑगस्ट २००९

सूचना देण्यात येते की, नवलाई स्प्रेअर्स प्रायव्हेट लिमिटेडची पंधरावी वार्षिक सर्वसाधारण सभा शनिवार, २६ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढे भरेल. विषय नेहमीचे. शिवाय एलएलपीचा ठराव, कौल लावून.

नौशाद, तुझं पत्र रूपालीने वाचलं. मी टेबलावर ठेवलं होतं, मुद्दाम नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, मग बोलली तेव्हा बोलली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. सभेनंतर जेवण घरी आहे. हा तिचा ठराव आहे, यावर मतदान नाही.

निवृत्ती


सिन्नर, ३ ऑक्टोबर २००९

नौशाद,

सुखरूप पोहोचलास का? माजिदावहिनींसाठी दिलेलं हुलग्याचं पीठ एसटीत फुटलं नाही ना?

सभेचं इतिवृत्त आज लिहून काढलं. त्यात असं आहे: 'कंपनीची एलएलपी करण्याचा ठराव मांडण्यात आला. दोन सभासदांचं एकमत न झाल्याने रिवाजाप्रमाणे कौल लावण्यात आला. गोटा उठला नाही. सभासद क्रमांक तीन यांचं मत विरुद्ध पडल्याने ठराव नामंजूर.' जीवनने ते वाचून कपाळाला हात लावला. म्हणाला, देव रजिस्टरात कायद्याने बसत नाही ते वेगळं, पण निदान इतिवृत्तात तरी त्याला मत देऊ देऊ नका. मी म्हटलं, मग तू येऊन उचल.

आता एक विचारतो. सात दिवस डोक्यात घोळतंय. पोस्टकार्डावर नको, बंद पाकिटातून उत्तर दे. त्या दिवशी आपण दोघं बसलो, कौल मागितला, झिपरू 'उचला' म्हणाला, आणि गोटा तसूभर हलला नाही. तू जोर लावला होतास का? शब्द दिला होतास म्हणून विचारतो.

कारण मी लावला नव्हता.

निवृत्ती


तासगाव, ८ ऑक्टोबर २००९

निवृत्ती,

पोस्टकार्डच पाठवतोय, पोस्टमनलाही कळू दे. शब्द मी गोटा उठला तर सही करण्याचा दिला होता, उचलण्याचा नाही. मीपण जोर लावला नव्हता. तू लावशील आणि मी एकटा पडेन अशी भीती वाटत होती.

पुढच्या वर्षीच्या सभेची सूचना एकवीस दिवस आधी पाठव, कायदा आहे. पीठ फुटलं नाही. आणि भैरवनाथापुढे माझ्यातर्फे एक नारळ जास्त फोड, खोबरं सगळं त्यालाच ठेव. इतकी वर्षं आपण त्याच्या नावाने मतं दिली, यंदा बिचाऱ्याला एकट्यालाच मत द्यावं लागलं.

नौशाद